कुंपणाबाहेरचा दगड

टेकाडावरच्या पहारेकऱ्याला सगळे दगडमामा म्हणत. टेकाडाच्या पोटात हजारो वर्षांपूर्वीच्या घरांच्या विटा होत्या. हातभर भिंत वर दिसे, बाकी सगळं मातीत. ते बघायला महिन्यातून चार माणसं येत, आणि त्यातली दोन शौचालय कुठे आहे ते विचारत. बावीस वर्षं त्याने हेच सांभाळलं. सकाळी कुलूप काढायचं, कुंपणाला फेरी मारायची, संध्याकाळी नोंदवहीत लिहायचं, 'कुंपण जागेवर. नवीन बांधकाम नाही.' बायको म्हणायची, "मेलेल्यांच्या घरांची एवढी काळजी! आपल्या गळक्या नळाकडे कोण बघणार?"

टेकाडाच्या पूर्वेला त्याची थोरली बहीण राहायची, वरच्या मजल्यावर. नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलं आणि जिन्याच्या चौदा पायऱ्या म्हणजे डोंगर झाला. सात महिने माणूस खाली उतरला नाही. मागच्या मोकळ्या जागेत तळालाच एक खोली काढायची ठरली, तेव्हा ताईने सगळ्यात आधी भावाला विचारलं, "तुझ्या कायद्यात बसतं का बघ बाबा, नंतर कटकट नको."

कायदा साधा होता. हद्दीपासून शंभर मीटरच्या आत नवीन काही बांधायचं नाही. त्याने एका रविवारी टेप आणली, एक टोक बायकोच्या हातात दिलं आणि कुंपणापासून दोनदा मोजलं. एकशे चार भरले.

"खुशाल बांध," तो म्हणाला.

स्लॅब टाकून झाला, गिलावा तेवढा राहिला होता. तेवढ्यात पुरातत्त्व खात्याच्या नव्या साहेबीणबाई तीन पायांचं यंत्र घेऊन मोजणीला आल्या.

"हद्दीचे दगड दाखवा," त्या म्हणाल्या.

तीन सापडले. पूर्वेचा चौथा कुठे दिसेना. दगडमामा कुंपणाशी उभा राहिला आणि त्याला एकदम आठवलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी कुंपण घालणाऱ्यांना इथे कातळ लागला होता. खड्डे खणवेनात, म्हणून त्यांनी खांब आत मऊ जमिनीत ओढले. तार धरायला तो स्वतः उभा होता. मग झुडपं वाढली, आणि रोज फेरी मारता मारता कुंपणच त्याला हद्द वाटायला लागलं.

कोयत्याने काटे तोडले. दगड निघाला, कुंपणाच्या नऊ मीटर बाहेर.

"म्हणजे ते मागचं बांधकाम पंच्याण्णववर येतं," बाई म्हणाल्या. "कधीचं आहे?"

"बघून सांगतो," तो म्हणाला. बघायचं काय होतं त्यात!

"उद्या दुपारपर्यंत लिहून द्या. जुनी खोली असेल, नुसती दुरुस्ती असेल, तर परवानगीचं बघता येईल. नवीन असेल तर पाडावी लागेल. तुमच्या अहवालावरच मी पुढे लिहिणार."

संध्याकाळी त्याने ताईला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती, तिचे हात थांबले नाहीत.

"मग लिही जुनीच होती म्हणून. तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक आहे?"

"मला ठाऊक आहे ना."

"बावीस वर्षांत तुला बसायला एक धड खुर्ची दिली का रे त्यांनी?"

"ताई, गॅरेजवाल्याची शेड मी पाडायला लावली. तोही जुनीच आहे म्हणत होता."

"गॅरेजवाला तुझी बहीण होता का? त्याला तू मोजून दिलं होतंस का?"

आतून दाजी जड जिभेने म्हणाले, "त्याला पाणी तरी दे आधी."

पाणी काही मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं, 'पूर्वेकडची खोली नवीन. अंतर पंच्याण्णव मीटर. मीच कुंपणापासून चुकीचं मोजून दिलं. खोली माझ्या सख्ख्या बहिणीची आहे.'

बाईंनी कागद दोनदा वाचला. "शेवटची दोन वाक्यं नसती तरी चाललं असतं. याने नोटीस थांबणार नाही. उलट तुम्हालाही खुलासा द्यावा लागेल."

"देतो," तो म्हणाला. त्याला नुसतं बसावंसं वाटत होतं.

खोली पाडली तेव्हा ताई खिडकीत आली नाही. त्यानंतर आठ दिवस ती भावाशी बोलली नाही. नवव्या दिवशी टेकाडाला कुलूप लावून तो थेट तिच्या दारात गेला. तिने दार उघडलं, पण वाट सोडली नाही.

"आता काय, जिना पाडायचाय?"

"दाजींना खाली नेतो. अर्धा तास. रोज नेईन."

"तुझं वय काय, कंबर काय!"

"सरक गं."

त्याने दाजींना पाठीवर घेतलं. माणूस वाळला होता, तरी ओझं ते ओझंच. नवव्या पायरीवर तो भिंतीला टेकला. दाजी कानाशी म्हणाले, "पायऱ्या वरून मोजतोयस की खालून?"

"बोलू नका, हसलो तर दोघंही जाऊ."

मागून ताई खुर्ची घेऊन उतरली. विटांच्या ढिगाऱ्यापासून जरा लांब तिने ती ठेवली. नवऱ्याला नीट बसवलं, पायांवर चादर टाकली. भावासाठी काही आणलं नव्हतं. तो खालीच बसला.

"उद्या जरा लवकर ये," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "ऊन असताना."

त्याने मान हलवली. अजून दाजींना वर न्यायचं होतं.