मम्मीनं रचलेला पोर्तुगालचा बांध

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे! आज नवी पेठेत एका ट्रॅव्हल्सच्या बोर्डावर पोर्तुगालमधलं डोरो नदीचं खोरं दिसलं. पायऱ्या-पायऱ्यांचे डोंगर आणि वाईनच्या द्राक्षांचे मळे. मी रिक्षातूनच ओरडले, "तिथला बांध आमच्या मम्मीनं रचलाय!"

सातवीत होते मी. मामा तिकडं नोकरीला, म्हणून फिरायला गेलो होतो. तापलेल्या दगडांचा आणि पिकलेल्या द्राक्षांचा मिळून एक गोडसर वास येत होता. गाइड सांगत होता, चुना-माती न घालता नुसत्या दगडांनी रचलेले हे बांध म्हणजे जागतिक वारसा, हात लावू नका. आणि मम्मी, दुधनी गावच्या शेतकऱ्याची लेक, ढासळलेल्या बांधापुढं पदर खोचून दगड रचायलाच बसली!

गाइड ओरडत धावला. मामा घाबरला, "अक्का, ऊठ की! पोलीस बोलावतील."

"पडलेला बांध बघून तसंच जाऊ व्हय? दोन पावसात सगळी माती नदीत जाईल. सांग त्याला. मी उठत न्हाय."

मी लाजून आमच्या टूरच्या बसमागं लपले. तिथूनच बघत होते. मळ्यातला एक म्हातारा गडी आला. मम्मीनं बसवलेला दगड त्यानं हलवून बघितला. हललाच नाही. मग तो गुडघे टेकून बसला आणि तिच्या हातात पुढचा दगड दिला.

तो दगड मी द्यायला पाहिजे होता! आता कुणीही तिला अडवू दे, पहिली मी बसणार तिच्या शेजारी. तुम्हीपण कधी आईला अशी एकटी सोडून लपलाय का? खरं सांगा.