पाठीवरचे डबे

बाबांना पोहता येत नव्हतं, तरी मला पोहायला शिकवायचं त्यांनीच मनावर घेतलं. नव्वदच्या दशकात वसमतकडच्या आमच्या गावात पोरी पोहायला विहिरीत उतरत नसत. बाबांचं म्हणणं एकच, शेतात सहा परस, एकावर एक सहा माणसं बुडतील एवढी खोल विहीर, पोरगी रोज काठावरून जाते, तिला पाण्याची भीती कशाला? त्यांना स्वतःला होती, ते सोडा.

तरंगायला अंगाला काय बांधायचं यावर आठवडाभर खल झाला. माय म्हणाली, सुके भोपळे. शेजारच्या काकांनी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका सुचवला. बाबांना दोन्ही जुनाट वाटलं. त्यांनी तेलाचे दोन रिकामे डबे आणले, झाकणं डांबरानं बुजवली आणि माझ्या पाठीवर करकचून बांधले.

"पोट खाली, पाठ वर. पोहताना माणूस असाच ऱ्हातो," बाबा म्हणाले. पोहणारी माणसं त्यांनी काठावरून पुष्कळ पाहिली होती.

मी विहिरीची पायरी सोडली. डबे सांगितल्याप्रमाणे वर राहिले आणि माझं तोंड पाण्यात गेलं. किती हातपाय मारले तरी डोकं वर येईना. तेवढ्यात कमरेला हिसका बसला. मोट बंद पडल्यापासून गोठ्यात टांगलेला जुना दोर बाबांनी माझ्या कमरेला बांधला होता. त्यांनी ओढून मला पायरीवर घेतलं. मी खोकत होते आणि ते माझ्या पाठीवरचे डबे सोडत होते. काठावर उभ्या मायचं लक्ष दोराच्या दुसऱ्या टोकाकडे गेलं. ते बाबांच्या कमरेला पक्कं बांधलेलं होतं.

"तुमी काहून बांधून घेतलं? तुमाला तर पोहता येत न्हाई."

"हातातून सुटला असता मंग?"

दुसऱ्या दिवशी मायनंच दोन सुके भोपळे माझ्या बगलांखाली, छातीला लागून बांधले. तोंड वर राहिलं. उन्हाळा सरेपर्यंत मी पोहू लागले, भोपळे सुटले. दोर मात्र बाबांनी सोडू दिला नाही.

पुढं नोकरीनं मला समुद्रकाठी नेलं आणि पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्रात उतरायचा नाद लागला. स्वतःचं जॅकेट घ्यायला दुकानात गेले. त्यात हवा भरली की माणूस तरंगतो, सोडली की खाली जातो. दुकानदारानं दोन काढली. एकात सगळी हवा पाठीवर, दुसऱ्यात बगलांखालून पुढपर्यंत. पहिलं नव्या धाटणीचं, खोल पाण्यात आडवं राहायला झकास.

"फक्त वर आल्यावर तोंड जरा पुढं, पाण्याकडं ढकलतं," तो म्हणाला. "सवय होते."

मला हसू आवरेना. मी मायच्या भोपळ्यांसारखं घेतलं.

संध्याकाळी घरी फोन लावला. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"बगलेखालून हाय ना? बराबर केलं." मग म्हणाले, "अन् दोर कोण धरून राहिलं?"

"दोर नसतो, बाबा. एक जोडीदार असतो, तोबी पाण्यातच असतो."

"त्याला पोहता येतं?"

"येतं की."

"मंग माझ्याहून बरा हाय तो."

न्हाई, बाबा, असं म्हणायचं होतं मला. पण तोवर त्यांनी फोन मायकडं दिला होता. त्या जोडीदाराला बुडायची भीती नव्हती. बाबांना होती, आणि तरी त्यांनी गाठ मारून घेतली होती.