पत्र्यावरचं पाणी

मावशीच्या अंगातला सदरा एकवीस दिवस धुतलेला नव्हता. त्याच्या वासाने माणसं दोन हात लांबून बोलत. पण मावशी काही गबाळी नव्हे, तो तिने मुद्दाम मळवला होता.

मावशी गोठ्यात धारा काढायची, अठ्ठावीस वर्षं. गाई अकरा, आणि त्यातली एकही दुसऱ्या हाताला दूध द्यायची नाही. यात गाईंचा दोष कमी, मावशीचाच जास्त. तरुणपणी तिला याची भारी ऐट. कुणी शिकायला बसलं की “तुम्हाला नाही जमायचं” म्हणून बादली ओढून घ्यायची. दूध काढायचं यंत्र आलं, गाईंनी लाथा झाडल्या, तेव्हा सगळ्यात मोठ्याने हीच हसली. ते यंत्र अजून कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून आहे. आणि मावशीही तिथेच आहे. लग्न असो की मयत, सकाळच्या धारेनंतर जायचं आणि संध्याकाळच्या धारेला परतायचं.

आता थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. आई गेल्यावर मावशीला तिनेच वाढवलेलं. तिचं घर बसने दिवसभराच्या वाटेवर. डॉक्टरांनी तिला दवाखान्यातून घरी पाठवलं, म्हणजे काय ते न सांगता सगळ्यांना कळलं होतं. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा.

“कधी येतेस गं, छोटे?”

“पाऊस पडला की निघाले बघ, ताई.”

ऊन नुसतं भाजून काढत होतं. गाई जिभा बाहेर काढून धापा टाकायच्या. दर तासाला त्यांच्या अंगावर पाणी, गोठ्याच्या पत्र्यावर पाइपने पाणी. मालक म्हणाले होते, “मावशी, एवढी काहिली ओसरू द्या, मग खुशाल आठवडाभर जा. धारा सूनबाई काढेल.”

त्यासाठीच तो सदरा. त्यात मावशीचा वास मुरवायचा आणि जाताना सूनबाईच्या अंगात घालायचा. दोनदा करून पाहिलं, तर गाईंनी निमूट पान्हा सोडला होता. पिशवी तर केव्हाची भरून दाराशी ठेवलेली.

आणि एका दुपारी एकाएकी अंधारून आलं. पत्रा तडतडला. गाई दावी ताणायला लागल्या, तशी मावशीने त्या भराभर सोडल्या. अकराच्या अकरा अंगणात जाऊन पावसात उभ्या राहिल्या. मावशीला कुठलं राहवतंय! पन्हाळीच्या धारेखाली तोंड वर करून ती हसत होती, रडतही होती.

“सुटले गं बाई, सुटले!”

सूनबाई दारातून किंचाळली, “मावशी, सदरा!”

मावशीने खाली पाहिलं. सदरा निळा होता, हे ती विसरूनच गेली होती.

तरी संध्याकाळी सूनबाई तो ओला सदरा घालून तांबूपाशी बसली. तांबूने हुंगलं आणि बादली लाथाडली. दुसरीनेही तेच केलं, तिसरीनेही. पुन्हा वास मुरायला पंधरा दिवस तरी हवेत, आणि कासा तुंबल्या तर गाई ठणकून मरतील. नाक्यावर बसचा हॉर्न वाजला. मावशी पिशवीकडे न बघता बादली घेऊन बसली. तिच्या हाताला तांबूने लगेच दूध दिलं. मावशीने तिला एक धपाटा घातला आणि मग तिच्याच कुशीला कपाळ टेकून बसली. आपण आपल्याच हाताने हे दावं वळलंय, हे तिला पुरतं कळलं होतं.

फोन वाजला.

“छोटे, पाऊस पडला का गं तिकडे?”

“नाही गं ताई. अजून कुठला.”

“मग तो आवाज कसला?”

“पत्र्यावर पाणी मारतेय.”

“मार बाई, मार. तापल्या असतील बिचाऱ्या.” ताई दम घ्यायला थांबली. “पडेल गं. तोवर आहे मी.”