उकिडवं माप

पन्नाशीला टेकेपर्यंत माझ्या अंगाला कोणी टेप लावला नव्हता. आमच्यात ब्लाउज शिवायला टाकायचा तर सोबत जुना ब्लाउज द्यायचा. 'याच्यासारखा, काखेत थोडा ढिला.' झालं. परकराला तर तेवढंही लागत नाही, नाडी ओढली की माप झालं. असली बाई एक दिवस फोन कानाला लावून नागपूरच्या लेकीला सांगते, "मले जीन पाहिजे." आज ती बाई आठवली की मला हसू आवरत नाही. तेव्हा मात्र ती पार रडकुंडीला आली होती.

यांना उन्हाळ्यात लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. आमच्या मुर्री गावाहून गोंदियात घरोघरी दूध घालायला मोटारसायकलनं हेच जायचे. म्हशी माझ्या, रस्ता त्यांचा, अशी आमची वाटणी. आता रस्त्याला कोणी उरलं नाही. शेजाऱ्याच्या विनवण्या करून कॅन पाठवायची, तो आपल्या सवडीनं पोचायचा, आणि गिऱ्हाइकाच्या पातेल्यात दूध फाटायचं. "चाची, अब हम पाकीट का दूध लगा लिए हैं," एकेक घर सांगू लागलं. आमगावचा व्यापारी म्हशी पाहून गेला. धानाची रोवणी आटोपली की न्यायला येतो म्हणाला. यांनी खाटेवरून मान हलवली. "इकून... टाक."

मला विकायच्या नव्हत्या. म्हशी गेल्या की घरात उरणार होती ती खाट, आणि खाटेजवळ बसलेली मी.

गाडी मला येत होती, म्हणजे येते असं मला वाटत होतं. लग्नानंतर यांनीच रिकाम्या खळ्यात हौसेनं शिकवली होती. तेवढ्या भांडवलावर मी साडीनं निघाले. गावाबाहेर पडायच्या आधीच पदर चेनमध्ये गेला. साडी फाटली, दूध सांडलं, कोपर सोललं. दुसऱ्या दिवशी लेकीची जुनी सलवार घातली. तिचा घेरही चेननं धरला, वर पोटरी सायलेन्सरला भाजली. यांची पँट मांडीवरच अडून बसली. बाजारातल्या जीनची तऱ्हा निराळी : मांडीत बसली तर कमरेत म्हशीचं पारडू मावेल एवढी जागा. दुकानदारानं विचारलं, "आंटी, किसके लिए चाहिए?" मी म्हटलं, "बेटी के लिए." आणि स्वतःच्या अंगाला लावून पाहू लागले. काय अक्कल त्या बाईची!

मग लेकीनं शोधून काढलं. कॉम्प्युटरवर माप भरायचं, आपल्या मापाची जीन शिवून घरी येते.

"आई, कंबर मोज."

"कोणती?"

"कंबरा किती असतात, आई?"

आता तिला काय सांगू? इतक्या वर्षांच्या नाडीनं माझ्या पोटाखाली चर पडला होता. माझ्या लेखी कंबर म्हणजे तो चर. त्यात टेप बसवला, श्वास आत ओढला, आरशासमोर शिपायासारखी ताठ उभी राहिले. आकडा सांगताना वर एक इंच चोरलाही. कोणापासून? तर शिवणाऱ्या मशीनपासून!

पार्सल येईपर्यंत आणखी घरं सुटली. दार लावून जीन चढवली. बटन लागलं! आरशात पाहिलं, आणि खरं सांगते, वाईट नव्हते दिसत. सकाळी वरून यांचा सदरा घालून गोठ्यात गेले, धार काढायला म्हशीखाली बसू लागले आणि अर्ध्यातच अडकले. खाली जाता येईना, वर येता येईना. म्हैस मान वळवून पाहून राहिली. शेवटी मी शेणातच आडवी झाले. साडीतच धार काढून मग जीन घालावी, तर गाडीवर टांग जाईना. गोठ्यात म्हशीच्या पाठीला पाठ लावून रडले. कंपनीवाल्यांनी लेकीला सांगून ठेवलं होतं, माप चुकलं तर एकदाच बदलून देऊ. एकदाच. आणि रोवणी सुरू झाली होती.

संध्याकाळी पुन्हा टेप घेऊन आरशासमोर ताठ उभी राहिले. खाटेवरून आवाज आला.

"उभी... कायले?"

"माप घेऊन राहिली ना, अजी! मग का झोपून घेऊ?"

"तू..." त्यांना दम लागला. "तू उभी रायतेस कवा?"

मी मनात माझा दिवस मोजला. चुलीपुढं बसून, म्हशीखाली बसून, भांड्यांपाशी बसून. धानाच्या बांधीत रोवणीला वाकून. जन्मात ताठ उभी राहिले असेन ती अंतरपाटापुढं.

"बस," ते म्हणाले.

खाटेजवळ उकिडवी बसले. त्यांनी डाव्या हातानं टेपचं टोक माझ्या पाठीशी धरलं. शेवटपर्यंत टोक सुटलं नाही. मी टेप खालून पुढे आणला, मग मांडीवरून, मग गुडघ्यावरून.

"पोट... सोड."

सोडलं. आकडे लेकीला फोनवर सांगितले. "आई, नक्की?"

"तुह्या बाबानं घेतलं माप. भर तेवढंच."

दुसरी जीन आली तेव्हा रोवणी उरकत आली होती. बसले, बसता आलं. टांग टाकली, गेली. उभी राहिले की मात्र मागे झोळी लोंबायची आणि कंबर घसरायची. मग पट्ट्याच्या जागी परकराची नाडी ओवली आणि चरात आवळली.

पहिल्याच सकाळी मी कॅन बांधत असताना व्यापारी दारात हजर. हातात दोन दोरखंड. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मागच्या झोळीकडे पाहिलं, आणि यांना विचारलं, "मग काकाजी, सोडू म्हशी?"

यांनी डावा हात उचलून माझ्याकडे दाखवला. "नाई. आता रस्ता... तिचा."

मी ऐकलं, पण वळून पाहिलं नाही. तोवर टांग टाकून गाडी सुरू केली होती. वळले असते तर पडलेच असते. त्या बाईला गाडी अजून तेवढी कुठे येत होती?