पुलावर थांबलेला बोका

छावणीच्या वाचनालयातली मुलांची खोली काकूंकडे होती. हुद्दा कारकुनाचा, पण पोरांना हुद्द्याशी काय देणंघेणं? सगळ्या छावणीच्या त्या काकूच. पुस्तकांच्या उसवलेल्या पाठी खळ लावून चिकटवायच्या, वाहणारी नाकं पुसायच्या, आणि ज्याचा बाप लांबच्या ड्यूटीवर गेलाय त्या पोराला कुठलं पुस्तक द्यायचं ते न विचारता ओळखायच्या. बाप गेला की पोरं दोन तऱ्हांनी बिघडतात, असं त्यांचं म्हणणं. काही घर डोक्यावर घेतात, काही एकदम शहाणी होतात. "ओरडणाऱ्यांची काळजी करू नका गं," त्या आयांना सांगायच्या, "शहाण्यांवर नजर ठेवा."

त्यांची एक पद्धत होती. निघण्याआधी बापानं यायचं, लेकराच्या आवडीचं पुस्तक रेकॉर्डरवर मोठ्यानं वाचायचं, आणि पान संपलं की म्हणायचं, "उलट पान." मग बाप गेल्यावर पोरगं ते पुस्तक मांडीवर घेऊन ऐकायचं आणि त्याच्या हुकमानंच पान उलटायचं. बाप कुठल्या कुठे असला तरी पान त्याच्या शब्दावर हलायचं. तेवढ्यानंही पोरांना आधार वाटायचा.

ट्रक चालवणारा मुंगीचा बाबा असाच आला. मुंगी म्हणजे त्याची बालवाडीत जाणारी लेक. एका जागी टिकायची नाही म्हणून ते नाव. पुस्तक होतं डोंगरापलीकडे निघालेल्या बोक्याचं. गडी वाचण्यात कच्चा, पण पदरचं घालण्यात पक्का. "बोका निघाला मिशीला पीळ देत, अगदी तुझ्या मामासारखा. घरात उंदीर नाचतायत आणि हे महाराज मिशी विंचरतायत! उलट पान, मुंगे." आपलं हसू रेकॉर्डरवर जाऊ नये म्हणून काकूंनी तोंडावर हात धरला. बोका पुलावर चढला, खालचं पाणी बघून मधेच थबकला, आणि नेमका तेव्हाच फाटकावरून निरोप आला: गाड्या भरायला घेतल्यात, असाल तसे या.

"थोडीच पानं राहिलीत रे, संपवून जा."

"काकू, आमचे साहेब बोक्यापेक्षा वाईट ओरबाडतात. आल्यावर वाचतो की उरलेलं!"

तो गेला आणि मुंगी शहाणी झाली. हट्ट नाही, रडणं नाही, ताटातलं अन्न नुसतं चिवडायचं. आईनं तिला काकूंकडे आणलं. रेकॉर्डर बोक्याला पुलावर सोडून गप्प झाला, तशी मुंगीनं मान वर केली.

"पुढचं बाबा आल्यावर," काकू म्हणाल्या. "त्यानं सांगितल्याशिवाय पान उलटायचं नाही हं."

आणि देवाची करणी बघा, पोर खुलली. जेवायला लागली, भांडायला लागली. शेजारच्या पोरांना ठणकावून सांगायची, "माझा बोका पुलावर आहे. बाबाला यावंच लागणार!" ही गोष्ट बायकांमध्ये पसरायला कितीसा वेळ? "काकू, आमच्या ह्यांचंही अर्ध्यावरच थांबवा हो." काकूंनी थांबवलं. कुणाची होडी नदीच्या मध्यावर, कुणाचं कासव चढणीवर, असं अख्खं कपाट अर्ध्या गोष्टींनी भरलं. संध्याकाळी हात जोडताना त्या देवाकडे एकच मागायच्या, ह्या गोष्टी पुऱ्या करून घे रे बाबा.

मुंगीच्या बाबाचा ट्रक दरीत गेला. गोळी नाही, शत्रू नाही. रस्ता खचला, एवढंच.

आईनं लेकीपासून काही लपवलं नाही. मुंगीनं ऐकून घेतलं, आणि नंतर एका दुपारी वाचनालयात येऊन आपलं पुस्तक काढलं. रेकॉर्डर लावला. मामाच्या मिशीशी ती हसलीसुद्धा. पुलाशी आवाज थांबला, तशी मांडीवर हात ठेवून बसून राहिली.

काकू शेजारी टेकल्या. "बाळा, पुढचं मी वाचू?"

"तुम्ही नाही. बाबानं उलट म्हटलं नाही अजून."

"अगं, बाबा आता..."

"माहितीये मला. मेला. पण बोका पुलावर आहे ना?"

मुंगी रोज यायची आणि तशीच बसायची. शेवटी गळू फोडल्याशिवाय वाहत नाही, असं म्हणून काकूंनी एक दिवस मन घट्ट केलं आणि स्वतःच पान उलटलं. मुंगीनं त्यांच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. मग पान परत मागे आणलं, तळहातानं सारखं केलं, आणि पुन्हा वाट बघत बसली.

त्याच आठवड्यात तिची आई आली. "काकू, ती घरीही तशीच बसते हो. ताट पुढ्यात असतं, हात हलत नाही. कुणीतरी सांगेल म्हणून थांबते. काय करून ठेवलंत माझ्या पोरीचं?" आणि लगेच कपाळावर हात मारून म्हणाली, "तुम्हाला बोलून काय होणार? माझीच जीभ जळो."

काकू म्हणाल्या, "बोल. बोल गं मला."

ती मात्र पदर सावरून निघून गेली.

मुंगीच्या आईवर छावणीतलं घर रिकामं करायची वेळ आली. सामान गाडीत चढलं. काकू पुस्तक आणि रेकॉर्डर घेऊन धावत गेल्या, "हे राहू दे तुझ्याकडे." मुंगीनं हात पुढे केला नाही.

"इथंच ठेवा. बाबा इथं वाचायला येणार होता."

गाडी गेली. त्या पोरीनं पुढे अन्नाला हात लावला की नाही, ते काकूंना कधीच कळलं नाही. कळवावं असं त्या माउलीला वाटलं नसेल, आणि का वाटावं? काकू हात जोडायच्या अजूनही, पण मागायचं काय ते ओठांवर येईना.

मग नवी तुकडी निघायची ठरली. स्वयंपाकघरातला एक आचारी धाकट्यासाठी पुस्तक घेऊन आला. नवाच होता, लाजरा. वाचता वाचता मध्यावर स्वतःच थांबला. "इथं थांबू ना काकू? बायको म्हणाली, अर्ध्यावर ठेवलं की पोर धीर धरतं."

"नाही," काकू म्हणाल्या. "तू शेवटपर्यंत वाच."

"का हो? उरलेलं आल्यावर वाचेन की."

काकूंनी पुस्तक त्याच्याकडे सरकवलं. "वाच रे बाबा. आत्ताच वाचून टाक सगळं."

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. पाहता पाहता त्याला समजलं, आणि चेहरा पार उतरला. पुस्तक मिटून त्यानं हळूच टेबलावर ठेवलं आणि निघून गेला. रेकॉर्डर चालूच होता. तो बंद करायला काकू उठल्या नाहीत.