नातीच्या हुशारीचा पुरावा

बोलायच्या आधी ते दोन्ही तळहात एकमेकांवर आपटायचे. पिठाचा ढग उठायचा आणि त्या ढगातून आवाज यायचा, "बराबर हाय का न्हाई?" अजून मुद्दा सांगितलेलाच नसायचा, तरी समोरचा "बराबर" म्हणून मोकळा व्हायचा.

तीर्थपुरीत माझ्या फोटो स्टुडिओला लागून त्यांची पिठाची गिरणी होती. सगळे त्यांना बापू म्हणत. गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय अशी, की त्यांनी कानात सांगितलेलं गुपित ऐकून रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघायचा.

त्यांची नात तेव्हा चौथीत होती. कुठलंही वाक्य कानावर पडलं की ती ते तिथल्या तिथं उलटं म्हणायची. तीर्थपुरीची रीपुर्थती, ज्वारीची रीज्वा. शहरातल्या एका निवासी शाळेत अशी वेगळी मुलं निवडून घेतात, हे तिच्या आईनं शोधून काढलं. शाळेला छोटासा व्हिडिओ हवा होता. मुलाला जे येतं ते त्यात दिसावं, मोठ्यांनी मधे पडू नये, एवढीच अट.

"हुशारी घरात ठिवून काय करायची? तिला काय इस्त्री मारायची?" असं म्हणत बापू पोरीला घेऊन माझ्याकडं आले. पोरीच्या अंगावर जरीचा परकर, कपाळाला बिंदी, गळ्यात झेंडूचा हार.

"बापू, लग्नाचं शूटिंग नाहीये हे," मी म्हणालो.

"मंग काय झालं? लग्नात बी पोरीला निवडत्यातच की!"

हार काढायला लावून मी कॅमेरा सुरू केला. उलटा करायला एक शब्द दिला, तर पोरीनं तोंड उघडायच्या आत बापूंनीच उत्तर दिलं, तेही चुकीचं. त्यांना बाजूला उभं केलं, तर तिथून मान डोलवायला लागले. शेवटी त्यांनी स्वतःच तोंडावर रुमाल बांधला. रुमालातूनही ते स्पष्ट ऐकू येत होते. पोर उत्तर द्यायचं सोडून परकराची जर उसवत बसली.

बापूंनी रुमाल फेकला. "नीट बस!"

"सब टनी," पोर म्हणाली.

"कॅमेऱ्याकडं बघ!"

"घब डंकऱ्यामेकॅ."

"मार खाशील!"

"लशीखा रमा."

"आता ही रमा कोन?" बापू माझ्यावर ओरडले. मला हसू आवरेना, पण कॅमेरा मी बंद केला नव्हता.

शाळेची अट मोडत होती, तरी तोच व्हिडिओ पाठवायचा, असं मी आणि तिच्या आईनं ठरवलं. बापूंचं म्हणणं होतं, मागं सनई टाकावी आणि चारी कोपऱ्यांत गुलाब फिरते ठेवावेत. "रिकामं दिसून राह्यलं की हो ते!" त्यांची समजूत घालता घालता माझा दिवस गेला.

काही दिवसांनी शाळेतल्या बाईंचा फोन आला. नंबर माझाच दिला होता, म्हणून सगळे स्टुडिओत जमले. फोन स्पीकरवर ठेवला. बाई आधी हसल्या. मग त्यांनी विचारलं, "बाळ, तू असं उलटं का बोलतेस?"

पोर जराही थांबली नाही. "बापू रोज रात्री तीच गोष्ट सांगतेत. उलटी केली की नवी लागती."

बापू पहिल्यांदाच हळू बोलले. इतकं हळू, की मला जवळ सरकावं लागलं. "माय, लई वंगाळ सांगतो का गं मी?"

"न्हाई," ती म्हणाली. "सांगत जा."

पोरीची निवड झाली. बापूंनी पेढे वाटले आणि दळण घेऊन आलेल्या प्रत्येकाला तो व्हिडिओ दाखवला. जायच्या दिवशी सकाळी एसटी आमच्या दारासमोरच थांबवली. पोर आणि तिची आई चढल्या. त्यांच्या मागं पत्र्याची पेटी घेऊन बापू चढले, पेटी आत ठेवून लगेच उतरायचं म्हणून. पायात चप्पल नव्हती.

कंडक्टरनं दोरी ओढली. गाडी हलली. मी ओरडलो, "बापू, उतरा!"

खिडकीतून मला ते दिसले. बसायला जागा नव्हती, म्हणून ते मधल्या वाटेत त्या पेटीवरच टेकले होते आणि पोरीनं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं.

इकडं गिरणी चालूच होती. दारात गव्हाचा डबा घेऊन एक बाई उभी होती. "बापू कवा येतेत हो?" तिनं विचारलं.

मी आत जाऊन गिरणी बंद केली आणि म्हणालो, "मावशी, आज काही खरं नाही."