भाकरीवर एक गोळी

बाईंचा हात मोडला, तो दिवाळीच्या सुट्टीनंतरचा बुधवार होता. प्रार्थना झाली होती. माझे काका काठी घेऊन मैदानावर आले आणि त्यांनी बाईंना मारलं. मी तिथे उभी होते.

पुसेगावपासून दोन कोसांवरच्या आमच्या शाळेत बाई खेळ शिकवत. सगळं गाव त्यांना 'कबड्डीच्या बाई' म्हणायचं. त्यांचं शिकवणं हाताने चाले. पकड सुटली की पाठीत धपाटा. पदर खोचून त्या स्वतः मैदानात उतरत आणि चढाई करणारीला घोट्याला धरून अशा आपटत, की दातांत माती जाई. माझा पुढचा दात त्यांच्याच गुडघ्यावर तुटला. त्यांनी तो मातीतून शोधला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "रडून काहून राहिली? अजून सत्तावीस हायेत की."

मैदानाच्या कडेला कुंपणाचे दगडी खांब होते. दर शनिवारी एका दमात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत त्यांच्या बाजूने पळायचं. जिथे दम तुटेल त्या खांबावर बाई विटेच्या तुकड्याने नाव लिहीत. आमची नावं पाचव्या-सहाव्या खांबाशीच अडकायची. एकदा त्यांनी रांगेत उभं करून प्रत्येकीची पापणी खाली ओढून पाहिली. "आतून पार पांढऱ्या. रक्त हाय का चुना?"

मग उपकेंद्रातल्या नर्सबाईंशी भांडून त्यांनी गोळ्या आणल्या. लोहाच्या. गरोदर बायकांना देतात त्याच. मधल्या सुट्टीत भाकरी खाल्ली की एक गोळी, वर लिंबाची फोड, आणि जीभ बाहेर काढून दाखवायची. चहाने गोळी अंगी लागत नाही, म्हणून तेव्हा कुणाच्या हातात चहा दिसला तर बाई कप भिंतीवर आपटत. शांता म्हणाली, "बाई, खिळा चाटल्यावानी लागते." बाई म्हणाल्या, "मंग खिळ्यावानी उभी ऱ्हाय."

दोन-तीन महिन्यांत नावं पुढे सरकली. शांताचं नवव्या खांबावर गेलं. माझं सहाव्यावरच होतं. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि दिवाळीनंतर जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडायच्या होत्या. सुट्टीसाठी बाईंनी प्रत्येकीला गोळ्यांची पुडी दिली. "दिसाला एकच. ज्यादा खाल्ली तर ओकशील, अन् वरून मी हाणीन."

दुप्पट गोळ्या, दुप्पट दम, असा हिशेब मी माझ्या पुस्तकी डोक्याने केला. पहाटे उठून, उपाशीपोटी, दोन-दोन घेऊ लागले. रोज सकाळी न्हाणीत ओकू लागले.

मी काका-काकूंकडे राहायचे. काकूने तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी तिला माझ्या कंपासपेटीत पुडी सापडली. "ह्या तं माझ्या दिवसातल्या गोळ्या हायेत," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. काकांनी दार लावलं. "कोन हाय तो? नाव सांग." प्रत्येक प्रश्नामागे चप्पल बसत होती. मी एवढंच म्हणाले, "बाईंनी दिल्या." ते खरं होतं. अर्धं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, काका मैदानावर ओरडले, "आमच्या पोरीला काय चारून राहिल्या तुमी?"

"लोखंड," बाई म्हणाल्या. "भाकरीवर रोज एक. इचारा तिलाच."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मातीकडे पाहिलं. काठी बाईंच्या उजव्या हातावर बसली, कोपराच्या खाली. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. काठी पुन्हा वर गेली तेव्हा शांताने काकांचा घोटा धरला, दुसरीने कंबर, आणि शिकवल्याप्रमाणे त्यांना तोंडावर आपटलं. पोरी त्यांना बुक्क्यांनी मारू लागल्या. हात छातीशी धरून बाई म्हणाल्या, "सोडा त्याला. बाद झाला."

आठ दिवसांनी बाईंनी माझ्याकडे पुडी मागितली. उरलेल्या गोळ्या प्लास्टरवर ओतून मोजल्या.

"दोन-दोन?"

"व्हय."

"भाकरी?"

"न्हाई."

त्यांनी डाव्या हाताने माझ्या कानाखाली मारली. मी दोन-दोन घेतल्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. गावात बैठक झाली, तिथेही नाही. गोळ्या बंद झाल्या, मुलींचं मैदान बंद झालं, निवड आमच्याशिवाय झाली. बाईंची बदली कनेरगाव नाक्याच्या पलीकडे झाली.

जायच्या दिवशी त्यांनी मला खांबांच्या बाजूने पळवलं. दम सहाव्या खांबाशी तुटला. त्यांनी डाव्या हाताने वाकडंतिकडं माझं नाव लिहिलं.

"घरी सांगितलं?"

"न्हाई, बाई."

"बरं," त्या म्हणाल्या आणि विटेचा तुकडा माझ्या हातात दिला.

काका वारले तोवर मी त्यांना सांगितलं नव्हतं. बाई मागच्या उन्हाळ्यात वारल्या. त्यांचा हात शेवटपर्यंत वाकडा होता, असं शांता म्हणाली. कुंपणाच्या जागी आता भिंत आहे.

मी मुलींच्या शाळेत शिकवते. गोळ्या वाटायच्या दिवशी आधी भाकरी खाल्ली का विचारते. मग मी दोन घेतल्या होत्या, ते सांगते.